खोट्या साक्षीची खरी बातमी

गोपीनाथराव मुंडे यांचे नाव आमच्या परभणी जिल्ह्यात परके नाही. परळीहून निघालेली रेल्वे गंगाखेडवरून परभणीला येते, आणि त्या वाटेवरच्या गावांत नातीगोती, ऊसतोडीच्या टोळ्या, बाजारहाट व राजकारण या सर्वच बाबतींत बीड आणि परभणी हे दोन जिल्हे एकमेकांत मिसळून गेलेले आहेत. ३ जून २०१४ रोजी दिल्लीत मोटार अपघातात मुंडे यांचा अंत झाला. केंद्रात मंत्रिपदाची शपथ घेऊन त्यांना पुरते दहा दिवसही झाले नव्हते. दुसऱ्या दिवशी परळीला अंत्यसंस्कार झाले तेव्हा जमलेल्या लोकसमुदायात जितका शोक होता तितकाच संताप होता, आणि चौकशीच्या मागणीने तेथे बराच गोंधळ उडाला. पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाने तपास केला. त्यात घातपात निष्पन्न झाला नाही. दुसऱ्या मोटारीच्या चालकाचा निष्काळजीपणा तेवढा पुढे आला.

हे सर्व निवले असताना २१ जानेवारी २०१९ रोजी लंडनमध्ये एक वार्ताहर परिषद भरली. युरोपातील भारतीय पत्रकारांच्या संघटनेने ती बोलावली होती. सय्यद शुजा नावाचा इसम तेथे प्रत्यक्ष हजर नव्हता. अमेरिकेतून, चेहरा झाकून, तो पडद्यावर बोलला. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत मतदान यंत्रांत फेरफार झाला होता, आणि मुंडे यांना त्याची माहिती असल्यामुळेच त्यांचा खून झाला, असा त्याचा दावा होता. पुरावा म्हणून त्याने काहीही पुढे ठेवले नाही. निवडणूक आयोगाने दाव्याचा इन्कार केला व दिल्ली पोलिसांकडे तक्रार दिली. ज्या सरकारी कंपनीत यंत्रांच्या रचनेवर आपण काम केले असे तो सांगत होता, त्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने असा मनुष्य आपल्या नोकरीत नव्हता, असे कळविले. लंडनच्या विदेशी पत्रकार संघानेही त्याच्या दाव्यांपासून आपले अंग काढून घेतले.

यात बातमीदाराचे काय चुकले? एक मनुष्य बोलला; तो बोलला हे खरे; कोठे, केव्हा व काय बोलला, हेही खरे. बातमीतील शब्द न् शब्द खरा असू शकतो. खोट्या साक्षीविषयीची आज्ञा आम्ही लहानपणापासून पाठ करीत आलो. परंतु दुसऱ्याने दिलेल्या खोट्या साक्षीची खरी बातमी जो चार गावांत पोहोचवितो, त्याला ती आज्ञा लागू होते की नाही? हा प्रश्न वरवर वाटतो तितका सोपा नाही, आणि निवडणुकीच्या संदर्भात तर तो अधिकच अवघड होतो.

लंडनच्या त्या दाव्याचे आमच्याकडे काय झाले ते आम्ही पाहिले आहे. मुंडे यांचे पुतणे धनंजय मुंडे तेव्हा विरोधी पक्षात होते. त्यांनी चौकशीची मागणी केली. घरच्या माणसाने चौकशी मागावी हे स्वाभाविकच होते. पण पारावर आणि एस.टी. स्थानकावर जे उरले, ते मागणीच्या रूपात उरले नाही. 'लंडनला सांगितलं म्हणे' एवढेच उरले. कोणी सांगितले, तो कोण होता, त्याला ओळखणारे त्याच्याविषयी काय म्हणाले, हे सारे गळून गेले. दावा मोठ्या मथळ्यात आला होता. खुलासे तुकड्यातुकड्यांनी, निरनिराळ्या दिवशी, आतल्या पानांवर आले, आणि ज्याच्या घरी रोज वर्तमानपत्र येत नाही त्याच्यापर्यंत ते आलेच नाहीत. २०२४ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्र विधानसभेचे निकाल लागल्यावर याच इसमाची एक चित्रफीत पुन्हा फिरू लागली. या खेपेस यंत्रे आपण हवी तशी फिरवू शकतो असा त्याचा दावा होता. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या तक्रारीवरून ३० नोव्हेंबरला मुंबईच्या सायबर पोलिसांनी गुन्हा नोंदविला. पाच वर्षांपूर्वीची मूळ गोष्ट ज्यांना अर्धीच ठाऊक होती, त्यांना ही दुसरी गोष्ट पहिलीचा पुरावा वाटली.

हा इसम कोणा परकीय राजसत्तेचा हस्तक होता, असे कोणी सिद्ध केलेले नाही, आणि आम्हीही तसे म्हणत नाही. त्याच्या बोलण्याला वजन आले ते तो परदेशातून बोलत होता म्हणून. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असे आम्ही थट्टेने म्हणतो खरे; पण साता समुद्रापलीकडून काही आले की आमची थट्टा आपोआप बंद होते. गावातल्या माणसाने तेच सांगितले असते तर लोकांनी त्याला पहिला प्रश्न 'तुला काय ठाऊक?' हाच केला असता.

निवडणुकीवरचा परदेशी सावलीचा संशय जुना आहे. १९७१ च्या लोकसभा निवडणुकीत दक्षिण दिल्लीतून पराभूत झालेले जनसंघाचे नेते बलराज मधोक यांनी असा आरोप केला की, मतपत्रिकांवर रासायनिक प्रक्रिया झालेली होती. मतदाराने मारलेला शिक्का काही काळाने पुसला जाऊन गाय-वासरावरचा शिक्का आपोआप उमटत असे. ही विद्या रशियातून आली असे बोलले जाई. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने आरोप हसण्यावारी नेला नाही, मतपत्रिका तपासण्यास अनुमती दिली, आणि आरोप टिकला नाही. सहाच वर्षांनी, १९७७ मध्ये, तशाच कागदी मतपत्रिकांनी त्याच गाय-वासराला सत्तेवरून खाली ओढले. आज ज्यांना यंत्रांऐवजी कागद आला की सारा संशय फिटेल असे वाटते, त्यांनी शाईची ही हकिकत एकदा आठवावी.

परंतु येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. परकीय हाताची गोष्ट दरवेळी बनावट असते, असे मुळीच नाही. सत्तरच्या दशकात इंदिरा गांधी 'परकीय हात' हा शब्द वारंवार वापरीत, आणि विरोधक त्याची टिंगल करीत. पण अमेरिकेचे माजी राजदूत डॅनियल मॉयनिहन यांनी १९७८ च्या आपल्या पुस्तकात नमूद केले की, केरळ व पश्चिम बंगाल येथील निवडणुकांत कम्युनिस्टांविरुद्ध वापरण्यासाठी अमेरिकी गुप्तहेर खात्याने काँग्रेस पक्षाला दोनदा पैसा दिला होता. म्हणजे परकीय हात होता, आणि तो टिंगल करणाऱ्यांनी किंवा ओरड करणाऱ्यांनी कल्पिलेल्या खिशात नव्हता! रशियाच्या गुप्तहेर खात्याचे कागद बाहेर नेणाऱ्या मित्रोखिन यांच्या दप्तरावरून २००५ साली जे पुस्तक निघाले, त्यात या खात्याने १९७२ या एका वर्षात भारतीय वृत्तपत्रांत ३,७८९ लेख छापवून आणल्याचा दावा नोंदलेला आहे. हेरखाती आपल्या धन्याला आपली कामगिरी फुगवून सांगतात, हे लक्षात घेऊन तो आकडा वाचावा. पण तो निम्मा धरला तरी लहान नाही. तेव्हा अशा गोष्टी छापूच नयेत, असा सल्ला कोणी दिल्यास तो आम्ही मानणार नाही. प्रजेला घाबरट बालक समजून तिच्यापासून धोक्याची वार्ता लपविणे हाही एक प्रकारचा अविश्वासच आहे.

मग अडते कोठे? अडते प्रमाणात. २०२४ ची एक गोष्ट पाहू. परभणी लोकसभा मतदारसंघात मतदान झाले २६ एप्रिल रोजी. योगायोग असा की, त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने यंत्रांविषयीच्या याचिकांवर निकाल दिला : व्हीव्हीपॅटच्या सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी न्यायालयाने नाकारली, पण चिन्हे भरण्याची उपकरणे निकालानंतर ४५ दिवस मोहोरबंद ठेवावीत आणि दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने मागणी केल्यास विधानसभा क्षेत्रागणिक ५ टक्के यंत्रे तपासून द्यावीत, असा आदेश दिला. आमच्या जिल्ह्यातील यंत्रे त्या संध्याकाळी मोहोरबंद होऊन कोठडीत गेली ती ४ जूनला मोजणीसाठी बाहेर आली. या मधल्या काळात, ३० मे रोजी, ओपनएआय या अमेरिकी कंपनीने एक अहवाल प्रसिद्ध केला. इस्रायलमधील स्टॉइक नावाच्या व्यापारी संस्थेने मे महिन्यात भारतातील निवडणुकीविषयी कृत्रिम मजकूर पसरविण्यास आरंभ केला होता. त्यात सत्ताधारी पक्षावर टीका व काँग्रेसची स्तुती होती. तो उद्योग सुरू झाल्यापासून २४ तासांच्या आत आपण मोडून काढला. आणि अशा खटाटोपांना म्हणण्यासारखा श्रोतृवर्ग मिळालेला नाही, असे त्यात होते. शेवटच्या टप्प्याच्या मतदानाला दोन दिवस उरले होते. मथळ्यांत आले ते एवढेच की, इस्रायली कंपनीने भारताच्या निवडणुकीत हस्तक्षेपाचा प्रयत्न केला. लोकशाहीला भयंकर धोका, असे केंद्रीय मंत्री म्हणाले.

आता परभणीच्या मतदाराने काय समजावे? त्याचे मत मे महिना उजाडण्यापूर्वीच यंत्रात बंद झाले होते. मे महिन्यात सुरू होऊन चोवीस तासांत संपलेला उद्योग त्या मताला स्पर्शही करू शकत नव्हता. उद्योग कोणालाही न पोहोचता विरला. उद्योगाची बातमी मात्र घरोघर पोहोचली. जे काम खोटारड्याला साधले नाही, ते त्याच्याविषयीच्या खऱ्या बातमीने काही अंशी पार पाडले, असे म्हणणे कठोर असले तरी चूक नाही.

खोटारड्यांनाही हे चांगले उमगलेले आहे. २०१८ साली अमेरिकेतील मध्यावधी निवडणुकीच्या आदल्या रात्री, रशियातील एका कुप्रसिद्ध संस्थेच्या नावाने, आपली हजारो बनावट खाती मतदारांना फिरवीत आहेत अशी बढाई मारण्यात आली. फेसबुक कंपनीने त्या सुमारास बंद केलेली खाती शंभर-सव्वाशे होती. येथे मतदाराला फिरविण्याची गरजच नव्हती. आपण फिरविले गेलो आहोत, असे त्याला वाटले की पुरे. आणि तसे वाटायला लावण्यास वर्तमानपत्राइतके हुकमी साधन दुसरे कोणते?

२४ जानेवारी २०१८ रोजी पोप फ्रान्सिस यांनी जागतिक संपर्क दिनासाठी जो संदेश दिला, त्याचा विषय खोट्या बातम्या हाच होता, आणि त्यांनी उदाहरण घेतले उत्पत्तीच्या पुस्तकातील सर्पाचे. तो सर्प सरळ खोटे बोलत आलेला नाही. तो प्रश्न विचारीत येतो, आणि त्या प्रश्नात खऱ्याचा थोडा अंश ठेवतो. अलीकडे प्रश्नचिन्ह देऊन मथळे लिहिण्याची जी रीत पडली आहे, ती पाहिली की आम्हांला या प्राचीन वक्त्याची आठवण होते. 'तुमचे मत खरोखर तुमचेच होते काय?' असे विचारणारा संपादक म्हणेल, आम्ही कोठे काही विधान केले?

२०२५ मध्ये तर या प्रकाराने एक पूर्ण प्रदक्षिणा घातली. फेब्रुवारीच्या मध्यास अमेरिकी सरकारच्या काटकसर विभागाने, भारतातील मतदानाचे प्रमाण वाढविण्यासाठी योजलेले २ कोटी १० लाख डॉलर रद्द केल्याचे जाहीर केले. आपल्या पैशात सुमारे १८० कोटी रुपये. कोणा दुसऱ्यालाच निवडून आणण्याचा डाव असावा, असे खुद्द अध्यक्ष ट्रम्प बोलले. येथे सत्ताधाऱ्यांनी विरोधकांकडे बोट दाखविले, विरोधकांनी उलट प्रश्न केले, आणि आठवडाभर दूरचित्रवाणीला दुसरा विषय राहिला नाही. माजी मुख्य निवडणूक आयुक्त एस. वाय. कुरेशी यांनी आपल्या काळात असा पैसा आल्याचे साफ नाकारले. २१ फेब्रुवारीला 'इंडियन एक्सप्रेस'ने कागदपत्रांच्या आधारे दाखविले की, ती रक्कम भारतासाठी नसून बांगलादेशासाठी होती. ऑगस्टमध्ये परराष्ट्र मंत्रालयाने राज्यसभेत लेखी उत्तर दिले : अमेरिकी वकिलातीच्या म्हणण्यानुसार २०१४ ते २०२४ या आर्थिक वर्षांत मतदानवाढीसाठी असा निधी भारतात आलाच नाही. ज्याने फेब्रुवारीत ऐकले त्याने ऑगस्टमध्ये ऐकले असेलच, याची हमी कोण देणार? मात्र यात एक गोष्ट दिलासा देणारी आहे. बातमीने केलेले नुकसान भरून काढले तेही बातमीनेच. कोणीतरी बसून कागद तपासले.

या साऱ्या गोष्टींत आम्हांला सर्वांत जास्त बोचते ते असे, की परदेशी संशय हा मतदाराच्या हातून काहीतरी काढून घेतो. शंका आणि संशय यांत आम्ही भेद करतो. शंकेला उत्तर चालते. ती उत्तराची वाटच पाहत असते. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत संध्याकाळी ५ वाजता मतदान ५८.२२ टक्के सांगितले गेले आणि अंतिम आकडा ६६.०५ टक्के आला. हे कसे, असे विरोधी पक्षांनी विचारले. पाचची आकडेवारी तोंडी व अपुरी असते आणि सहापर्यंत रांगेत उभ्या राहिलेल्या सर्वांना मत देता येते, असे आयोगाने उत्तर दिले. ते उत्तर कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. पण प्रश्न कोणाला विचारायचा, कोणता कागद मागायचा, हे येथे ठरलेले आहे. मतदारयादीत नावे कशी वाढली, आयुक्तांची निवड करणाऱ्या समितीतून २०२३ च्या कायद्याने सरन्यायाधीशांना का वगळले, हेही असेच विचारता येण्याजोगे प्रश्न आहेत. २०१९ मध्ये आयोगावर पुष्कळ विश्वास असल्याचे सांगणारे सुमारे निम्मे लोक होते. लोकनीती-सीएसडीएसच्या २०२४ च्या पाहणीत ते सुमारे २८ टक्क्यांवर आले. ही घसरण लंडन वा तेल अवीवने घडविली, असे म्हणण्यास आम्ही धजत नाही. तिची कारणे बहुतांशी घरचीच असणार. आणि म्हणूनच परक्या हाताच्या बातमीचा घरच्या कारभाऱ्यांना केवढा आधार वाटत असेल! गावात पाकिटे कोणी वाटली, दारू कोठून आली, याचा शोध दिल्लीपर्यंतही न्यावा लागत नाही. पण तो कंटाळवाणा असतो, आणि तो घेणाऱ्या बातमीदाराला त्याच गावात राहायचे असते.

डिसेंबर २०२४ मध्ये माळशिरस तालुक्यातील मारकडवाडीच्या लोकांनी मतपत्रिकेवर पुन्हा एकदा मतदान करून आपला आपणच पडताळा पाहण्याचे ठरविले. प्रशासनाने जमावबंदी लावून ते थांबविले. असे मतदान कायद्यात बसत नाही, हे मान्य. परंतु त्या गावकऱ्यांचे कुतूहल आम्हांला लंडनच्या झाकलेल्या चेहऱ्यापेक्षा कितीतरी आदरणीय वाटते. ते उजेडात, आपल्या गावात, नावानिशी पुढे आले होते. त्यांना पोलिसांऐवजी हिशेब समजावून देणारा माणूस भेटला असता तर बरे झाले असते. त्याच महिन्यात राज्य निवडणूक कार्यालयाने जाहीर केले की, २८८ मतदारसंघांत प्रत्येकी पाच, अशा १,४४० यंत्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या आणि कोठेही तफावत आढळली नाही. हा आकडा मारकडवाडीच्या चावडीवर कोणी वाचून दाखविला असेल काय?

आमच्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर मत ही येथे हलकी वस्तू नाही. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणी शहरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याजवळील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, त्यानंतर शहर पेटले, आणि पुढे एका तरुणाचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. त्या दिवसांचे दुःख अजून ओले आहे. ज्या समाजाला शतकानुशतके कोणी काही विचारले नाही, त्याला पाच वर्षांतून एक दिवस तरी जिल्हाधिकाऱ्याच्या बरोबरीने रांगेत उभे राहता येते, तो दिवस त्याच संविधानाने दिलेला आहे. त्याला जेव्हा कोणी पुराव्यावाचून सांगतो की तुझे बोट कळीवर पडले तरी निकाल परदेशात ठरतो, तेव्हा सांगणाऱ्याचा हेतू कितीही शुद्ध असो, तो त्याच्याकडून तो एक दिवस हिरावून घेतो.

विश्वास ठेवा, असे उपदेश करून विश्वास बसत नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. तो बसण्याची जागा मतदान केंद्रातच आहे, आणि आश्चर्य असे की वर्तमानपत्रे तिच्याविषयी जवळजवळ काहीच लिहीत नाहीत. मतदान सुरू होण्यापूर्वी प्रतिनिधींसमक्ष निदान ५० मतांचे चाचणी मतदान घेतात आणि त्याचा मेळ घालून ते पुसतात. बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटच्या काचेत आपली चिठ्ठी सात सेकंद दिसते. संध्याकाळी केंद्राध्यक्ष नमुना १७-सी भरतो : यंत्रात एकूण किती मते पडली, मोहरांचे क्रमांक कोणते. त्याची प्रत उपस्थित असलेल्या प्रत्येक प्रतिनिधीला द्यावी लागते, आणि मोजणीच्या दिवशी तोच आकडा यंत्रावर दिसला पाहिजे. लंडनहून बोलणाऱ्या इसमाला हा कागद ठाऊक होता की नाही, कोण जाणे. पण परदेशी कारस्थानाची बातमी देणाऱ्या प्रत्येक संपादकाने तिच्याच खाली, त्याच पानावर, चार ओळींत हा कागद काय आहे ते छापावे, आणि सहा महिन्यांनी खुलासा आला तर तोही त्याच पानावर छापावा, एवढीच आमची मागणी आहे. त्याने बातमी दडपली जात नाही. वाचकाला फक्त हे कळते की, यातले काय आपल्या आवाक्यात आहे.

जिंतूरच्या डोंगरपट्टीतल्या तांड्यावर काय, किंवा पूर्णेच्या रेल्वे वसाहतीत काय, हा कागद बहुधा एखाद्या शाळामास्तरानेच दिवसभराच्या थकव्यानंतर विजेरीच्या किंवा दिव्याच्या उजेडात हाताने भरलेला असतो. खाली चार-पाच पक्षांच्या पोरांच्या सह्या असतात. त्यांतले काही जण सकाळी एकमेकांशी भांडलेले असतात. मास्तर आकडा मोठ्याने वाचतो, पोरे तो आपापल्या प्रतीवर पडताळून पाहतात, आणि मग यंत्राची पेटी गाडीत चढते.